कोरी चकती

अब्बांचा कागदाचा हौद बंद पडून चार-पाच वर्षं झाली होती, तेव्हा त्याच खोलीत मी परदेशी चकत्यांची पेटी घेऊन आलो. जुन्नरमधल्या आमच्या आळीत पिढ्यान्‌पिढ्या हातकागद बनायचा. अब्बा आळीतले शेवटचे कागदवाले. गिरणीचा कागद स्वस्त पडू लागला, वह्यांसाठी ताव उचलणारे व्यापारी येईनासे झाले, आणि एका सकाळी अब्बांनी हौदाचा बोळा काढून पाणी सोडून दिलं. पुन्हा तो कधी भरला नाही. लगदा उचलायची काड्यांची जाळी त्यांनी भिंतीला टांगून ठेवली आणि तिच्यावर धूळ बसू नये म्हणून रोज सकाळी फडकं मारायचं तेवढं काम उरलं.

मी तेव्हा पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत सहायक होतो. पन्नासचं दशक निम्मं सरलं असेल. पाण्यातले जंतू मोजायची एक नवी रीत परदेशातून आली होती. मेंब्रेन फिल्टर असं तिचं भारदस्त नाव, पण आम्ही सगळे नुसतं 'चकती'च म्हणायचो. रुपयाहून मोठी, दुधासारखी पांढरी, वर बारीक चौकटी छापलेली. चिमटा स्पिरिटात बुडवून ज्योतीवरून फिरवायचा, त्या चिमट्यानं चकती उचलून पोलादी नरसाळ्याच्या तळाशी बसवायची, वरून विहिरीचं पाणी ओतायचं आणि खालून छोट्या पंपानं हवा ओढायची. पाणी पलीकडे जातं, जंतू चकतीवर अडकतात. मग चकती काचेच्या बशीत जंतूंच्या खाद्यावर ठेवून एक दिवस ऊब द्यायची. डोळ्यांना न दिसणाऱ्या एकेका जंतूचा एकेक ठिपका होतो. माणसाच्या विष्ठेतले जंतू असतील तर ठिपक्यांवर जरीसारखी हिरवट सोनेरी चमक येते.

काचेच्या नळ्यांवरून जंतूंचा अंदाज बांधायच्या जुन्या रीतीपेक्षा ही रीत किती खरी, हे आमच्या साहेबांना पडताळून पाहायचं होतं. त्यासाठी त्यांनी जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या विहिरी निवडल्या, आणि मी जुन्नरचा म्हणून मला धाडलं. ज्या विहिरी खराब निघतील त्यांची यादी तालुक्याला द्यायची, म्हणजे तिथं ब्लीचिंग पावडर पडेल, असंही ठरलं होतं. दवाखान्यात जागा नव्हती. मी अब्बांच्या रिकाम्या खोलीत कंदिलावर तापणारी उबवणीची पेटी मांडली. अब्बांनी विचारलं नाही की किती दिवस. मला वाटतं, त्या खोलीत पुन्हा कुणीतरी पाण्याशी काहीतरी करतंय याचंच त्यांना बरं वाटलं.

पहिल्याच दिवशी त्यांनी एक चकती मागितली. मी एक चुरगळलेली दिली. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली, अंगठ्यानं चाचपली, कानाशी नेऊन हलवली.

"घोटलेली नाही, तरी एवढी गुळगुळीत," ते म्हणाले. "लगदा कशाचा?"

"मुळात कापूसच. आम्लात विरघळवतात."

"म्हणजे चिंध्याच की!" ते खूश झाले. "आणि भोकं?"

"लाखो असतात अब्बा. पण इतकी बारीक, की जंतूसुद्धा पलीकडे जात नाही."

"भोकं पडलेला ताव आम्ही फाडून पुन्हा हौदात टाकायचो. तुम्ही त्याचेच पैसे देता." अब्बांच्या अशा बोलण्यावर हसायचं की चिडायचं हे मला कधीच कळलं नाही. घरात आम्ही दखनी बोलायचो. इथं मी ते मराठीत लिहितोय, त्यामुळे त्यातला थोडा तिखटपणा सांडला असेल.

आमच्या वहीच्या पहिल्या पानावर साहेबांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं : नमुना आपल्या हातानं, थेट विहिरीतून घ्यावा. बाकीच्या गावांत बरोबर कोतवाल असायचा. तो बादली सोडायचा, मी काठावर उभा राहून डोळ्यांसमोर बाटली भरून घ्यायचो. पण एका वाडीत मी एकटाच गेलो. घोडेगावात बसमधून उतरून आहुप्याच्या बाजूला दोन तास चाललं की ती वाडी लागायची. वीस-पंचवीस घरं. चैत्र होता. आदल्या रात्री कोतवाल कुणाच्या तरी लग्नाला गेला होता आणि मला त्याच्यासाठी थांबवेना, घाई नडली.

वाडीच्या पहिल्याच घरात एक बाई होती. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. नवरा मुंबईला हमालीला होता. घरात ती आणि तिची दुसरीत शिकणारी मुलगी. मी कशासाठी आलोय हे ऐकल्यावर तिनं हातातलं सूप खाली ठेवलं.

"म्हंजी आमच्या हिरीचं पानी चांगलं का वाईट, त्ये कळंल?"

"कळेल की. तीन-चार दिवसांत."

मग तिनं सांगितलं. आदल्या वर्षी तिचा मुलगा मुदतीच्या तापानं, टायफॉइडनं गेला होता. पाच वर्षांचा. तेव्हापासून विहिरीवरून तिचं मन उडालं होतं. वाडीतल्या बाया तिला हसायच्या, पण पिण्यासाठी ती वरच्या झऱ्याचं पाणी आणायची. जाऊन-येऊन दीड तास, डोंगर चढून. विहिरीचं पाणी सांडायला, भांड्यांना, गुरांना. पोरीला तिनं दम दिला होता की रहाटावर ओंजळ लावलीस तर याद राख.

"पाय भरून येत्यात, भाऊ," ती म्हणाली. "पन आता ही एकच हाय मला. तुमी सांगाल तसं करंन. वाईट म्हनलं तर जल्मभर झऱ्यावर जाईन."

माझ्या शब्दाला इतकं वजन आजवर कुणी दिलं नव्हतं. मी फुगलो. तिच्या अंगणात आंब्याखाली बसून मी पेटी उघडली आणि तिला चकती दाखवली. पोरगी चौकटी मोजायला लागली. मी एकेक गोष्ट रंगवून सांगितली. मागच्या गावात पाणी इतकं गढूळ होतं की तीन चकत्या तुंबून वाया गेल्या, या चकत्या बोटीतून येतात, मोजक्याच आहेत, एक एक जपून वापरावी लागते. उचलली जीभ लावली टाळ्याला. त्या बाईनं मात्र शब्द न्‌ शब्द मनावर घेतला. माझ्यासारख्या माणसाचं बोलणं कुणी इतक्या मनापासून ऐकू नये.

मग नमुना घ्यायची वेळ झाली. विहीर तिथून दिसत होती. चार-पाच बाया पाणी भरत होत्या. मी बाटली घेऊन उठलो आणि थबकलो. अनोळखी गाव, त्यांची पिण्याची विहीर, आणि मी मुसलमान. मी बादलीचा कासरा हातात घेतलेला चालेल का? कुणी काही म्हटलं तर? कुणी काहीही म्हटलं नव्हतं. त्या वाडीत मला कुणी अडवलंच नव्हतं, मीच मला अडवलं, आणि त्याला मी मनातल्या मनात रीतभात असं नाव दिलं.

"ताई," मी म्हटलं, "या बाटलीत विहिरीचं पाणी भरून द्याल का? बूच धरायचं, आत बोट लावायचं नाही."

तिनं बाटली दोन्ही हातांनी घेतली. मी पाठ फिरवून पोरीशी बोलत बसलो. तिनं मला तिचं पुस्तक काढून एक धडा वाचून दाखवला, एकही शब्द न अडखळता. तेवढ्यात तिची आई भरलेली बाटली घेऊन आली. पाणी निवळशंख होतं. मी ओल्या फडक्यात बाटली गुंडाळली, चहा प्यायलो आणि उतरणीला लागलो.

दुपारी जुन्नरला पोचून ते पाणी गाळलं. सरकन गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बशी उघडली तर चकती कोरी. एकसुद्धा ठिपका नाही. अब्बा मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी बशी उजेडात धरली.

"काहीच नाही?"

"काहीच नाही. उत्तम पाणी."

"चैत्रातल्या विहिरीत काहीच नाही?" त्यांनी बशी तिरकी केली. "माझ्या हौदाला मी कुठलं कुठलं पाणी लावलं. कोणताही ताव धर, पाण्याचा काहीतरी डाग दिसायचाच. हे पाणी कुणी भरलं?"

"तिथल्या बाईंनी भरून दिलं."

"तू बघत होतास?"

मला राग आला. ज्यांनी आयुष्यात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला नाही त्यांनी माझी उलटतपासणी घ्यावी? मी म्हटलं, "अब्बा, हा तुमचा कागद नाही."  अब्बा बशी जागेवर ठेवून बाहेर गेले. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

मी वहीत लिहिलं, पाणी पिण्यास योग्य. यादीत त्या वाडीचं नाव घातलं नाही. आणि तिला शब्द दिला होता म्हणून एक पोस्टकार्ड टाकलं, मोठ्या सुवाच्य अक्षरात, जोडाक्षरं शक्य तेवढी टाळून : 'ताई, तुमच्या विहिरीचे पाणी चांगले आहे. बिनघोर पिणे. आता डोंगर चढू नका.' पेटीत टाकताना मला फार समाधान वाटलं. एका बाईचे रोजचे दीड तास मी वाचवले होते.

पावसाळ्यानंतर दुसरी फेरी होती. दिवाळीला आठ-दहा दिवस राहिले होते, भात कापणीला आला होता. याही वेळी मी एकटाच होतो, पण या वेळी मुद्दाम, त्या मायलेकींशी निवांत बोलता यावं म्हणून. पोरीसाठी मी खडूची पेटी नेली होती.

ती बाई ओसरीवर बसली होती. मला पाहून उठली, पाणी दिलं. मी इकडेतिकडे पाहत विचारलं, "शाळेत गेली का?"

"न्हाई भाऊ," ती म्हणाली. "गेली ती. भादव्यात. ताप चढला त्यो उतारलाच न्हाई. घोडेगावला नेली डोलीतनं. डाक्टर म्हनलं, लई उशीर केला."

मुदतीचाच ताप. तिनं तो शब्द उच्चारला नाही, मीही नाही. खडूची पेटी माझ्या पिशवीतच राहिली.  माझ्या कार्डानंतर पोरगी विहिरीचंच पाणी प्यायली असणार हे कळत होतं, आणि विचारायचं धैर्य होत नव्हतं. मी बाटली काढली आणि सरळ विहिरीकडे निघालो. या वेळी पाय थबकले नाहीत.

"भाऊ, तुमी कशाला जाताय?" ती मागून म्हणाली. "मी देत्ये की मागल्यासारखं. हंड्यातलं."

मी वळलो. "हंड्यातलं?"

"हिरीचंच हाय. राती भरून ठिवलेलं. तळाला समदं बसतंय, वरचं निवाळ ऱ्हातंय. तवा हिरीला तळ दिसाया लागला व्हता, निस्ता गाळ येत व्हता बादलीत. तुमी म्हनला ना, गढूळ पान्यानं चकती तुंबती, मोजक्याच हायत म्हनून? मंग हंड्यातलं दिलं, फडक्यातनं दुपदरी गाळून."

पिण्याचं पाणी कोपऱ्यातल्या मातीच्या माठात होतं, चुलीशेजारी हा वरकामाचा हंडा होता. राखेनं घासून लखलखीत केलेला, तांब्याचा. तांब्यात रात्रभर राहिलेल्या पाण्यात हे जंतू तग धरत नाहीत, हे आमच्या प्रयोगशाळेतल्या शिपायालाही माहीत होतं. ती खोटं बोलली नव्हती, पाणी विहिरीचंच होतं. माझी चकती वाया जाऊ नये एवढंच तिनं पाहिलं होतं.  मी "असू द्या ताई" एवढंच म्हणालो आणि विहिरीवर गेलो.

तिथं तीन बाया होत्या. कुणी काही म्हटलं नाही. एकीनं कळशी बाजूला ओढून मला उभं राहायला जागा दिली, दुसरीनं आपल्या बादलीचा कासरा माझ्या हातात दिला आणि सांगितलं, "शेवाळ हाय, पाय जपून, पावणं." मी बादली सोडली. इतकं सोपं होतं ते. कासरा ओढताना मला रडू आलं आणि मी पाण्याकडे पाहतोय असं दाखवत वाकून राहिलो.

जुन्नरला आल्यावर ते पाणी गाळलं. चकती तुंबत आली, गाळायला कितीतरी मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी बशी उघडली तेव्हा मोजण्यासारखं काही उरलंच नव्हतं. चकतीभर ठिपके एकमेकांत मिसळले होते आणि सगळीकडे ती हिरवट सोनेरी चमक होती. मी अब्बांना हाक मारली. अब्बा आले, बशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी हौदाच्या काठावर बसून त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं, ते म्हणतील, मी तेव्हाच विचारलं होतं. ते तसं म्हणाले नाहीत. माझ्या शेजारी बसले.

मी विचारलं, "त्या बाईंची चूक म्हणायची का अब्बा?"

"ताव फाटला तर लगद्याला कुणी बोल लावत नाही," ते म्हणाले. "ज्यानं उचलला त्याला लावतात." मग म्हणाले, "पण तिनं विचारलं तर तिला काय सांगशील ते आत्ताच ठरव. तिथं गेल्यावर सुचणार नाही."

साहेबांना मी सगळं खरं लिहून कळवलं. त्यांनी चैत्रातली नोंद लाल शाईनं रद्द केली, वाडीचं नाव यादीत चढलं, आणि मला दोन ओळींचं पत्र आलं. त्यात रागाचा एक शब्द नव्हता. असता तर बरं झालं असतं.

ब्लीचिंग पावडर टाकणाऱ्या माणसाबरोबर मी पुन्हा वाडीत गेलो. तो विहिरीवर गेला, मी तिच्या ओसरीवर. तिनं थेट विचारलं.

"वाईट निघालं ना पानी?"

"हो."

"मंग मागल्या खेपेला कसं चांगलं निघालं?"

मी तिच्या मागच्या हंड्याकडे पाहिलं नाही. अब्बांसमोर जे ठरवलं होतं ते म्हणालो, "तेव्हा चांगलंच होतं ताई. पावसात वरची घाण आत उतरली. पावसात बिघडलं ते."

 तिची बोटं पदराचा काठ चुरगाळत होती.

"म्हंजी मी झऱ्याला जानं बंद केलं तवा पानी चांगलं व्हतं?"

"हो."

"माझ्याकडनं काय चुकलं न्हाई?"

"नाही ताई. तुमच्याकडून काहीच चुकलं नाही."

हे शेवटचं वाक्य खरं होतं. आधीची खोटी होती, आणि ती मी तिच्यासाठी बोललो असंच मी कित्येक वर्षं मानत आलो. पण त्या खोट्यानं मीही सुटलो होतो. तिनं लगेच म्हटलं, "मंग तुमचीबी काय चूक न्हाई, भाऊ," आणि मी ते ऐकून घेतलं. मान हलवली. मी चुकलो, पाणी मी भरायला हवं होतं, एवढंसुद्धा माझ्या तोंडून निघालं नाही.

निघताना मला भिंतीतल्या कोनाड्यात माझं पोस्टकार्ड दिसलं. पणतीच्या मागे उभं करून ठेवलेलं, कडा तेलकट झालेल्या. ते अक्षर मला बघवेना. 'बिनघोर पिणे.'

"ताई, ते कार्ड मला परत द्या," मी म्हटलं. "आता ते खरं नाही. कुणी वाचलं तर पुन्हा पाणी पितील."

ती उठली. मला वाटलं, देते आहे. तिनं कार्ड घेतलं आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलं.

"न्हाई भाऊ, ह्ये न्हाई द्यायची," ती म्हणाली. "मला कुठं वाचाया येतंय? ह्ये आलं तवा पोरीनंच वाचून दावलं. चार-चारदा वाचाया लावलं मी तिला. तिच्या तोंडचं एवढंच ऱ्हायलंय माझ्यापाशी."

मी खाली उतरलो. बस यायला वेळ होता. घोडेगावच्या थांब्यावर मी खडूची पेटी काढून मांडीवर ठेवून बसलो होतो, आणि ती उघडायचं मला काहीच कारण नव्हतं.